राज्य दाखवायचंय, पण किल्ला परवडत नाही

१९८० सालच्या 'हॉक द स्लेयर' या ब्रिटिश चित्रपटात अगदी सुरुवातीलाच एक मुलगा आपल्या बापाचा खून करतो. मुलाचं काम जॅक पॅलन्सचं, त्याचा जन्म १९१९चा. बापाचं काम फर्डी मेनचं, जन्म १९१६चा. म्हणजे बाप मुलापेक्षा जेमतेम तीन वर्षांनी मोठा. या खुनी मुलाचा धाकटा भाऊ म्हणजे चित्रपटाचा नायक हॉक. त्याचं काम करणारा जॉन टेरी तेव्हा तिशीतला. थोरल्या आणि धाकट्या भावात तीस वर्षांचं अंतर, आणि थोरल्या भावात आणि बापात तीन.

पहिल्यांदा पाहताना हसू फुटतं. पण हा वेंधळेपणा नाही, हा हिशेब आहे. पॅलन्स हे हॉलिवूडमधलं ओळखीचं नाव होतं. पन्नासच्या दशकात त्याला ऑस्करची दोन नामांकनं मिळाली होती. पोस्टरवर तेवढं एक नाव असलं की परदेशातला वितरक निदान फोन तरी उचलतो. मग वयाचा मेळ बसो न बसो. बसत नसेल तर त्याच्या डोक्यावर अर्धा चेहरा झाकणारं काळं शिरस्त्राण चढवायचं आणि पुढे चालू लागायचं.

तलवार, चेटूक, राजे, राक्षस आणि बुटके असलेले स्वस्तातले चित्रपट ऐंशीच्या दशकात ढिगाने निघाले. त्यांची टिंगल करणं सोपं आहे. हे चित्रपट फसतात कुठे आणि नेमके तिथेच का फसतात, हे पाहणं जास्त मजेचं आहे. कारण यातले बहुतेक दोष दिग्दर्शकाच्या डोक्यातून येत नाहीत, ते खर्चाच्या वहीतून येतात.

आधी पैशाचा अंदाज घेऊ. 'हॉक'चा खर्च सुमारे सहा लाख पौंड, त्या वेळच्या दराने चौदा लाख डॉलरच्या आसपास. चित्रीकरण सहा आठवड्यांत उरकलेलं, तेही बहुतांश लंडनजवळच्या बकिंगहॅमशायरच्या जंगलांत. दोनच वर्षांनी आलेल्या, याच धाटणीच्या 'कोनन द बार्बेरियन'वर दोन कोटी डॉलरच्या घरात खर्च झाला होता. त्या वेळी वर्तमानकाळात घडणाऱ्या एखाद्या साध्या कौटुंबिक चित्रपटाला चौदा लाख डॉलर काही कमी नव्हते. मग या प्रकारातच ते इतके अपुरे का पडतात?

याचं उत्तर एका गोष्टीत आहे: मध्ययुगीन कल्पनारम्य चित्रपटात कॅमेऱ्याला फुकट काहीच मिळत नाही.

आजच्या काळातली गोष्ट सांगायची असेल तर रस्ता तयार असतो. बस, दुकानं, विजेचे खांब, येणारी-जाणारी माणसं, चहाची टपरी, सगळं शहराने आधीच उभं करून ठेवलेलं असतं. नट स्वतःच्या चपला घालून आला तरी चालतं. मध्ययुगात हेच सगळं शत्रू होतं. विजेची तार दिसली, शॉट बाद. शेतातला डांबरी रस्ता, डोक्यावरून गेलेलं विमान, झाडाच्या बुंध्यावर मारलेला चुन्याचा पट्टा, नटाच्या दंडावरची देवीच्या लशीची खूण, सगळं झाकायचं. आणि झाकून रिकाम्या झालेल्या जागी काय ठेवायचं? जे ठेवायचं ते एकेक करून बनवायचं. प्याला, चमचा, पखाल, खोगीर, दाराची कडी, मेणबत्तीचा स्टँड. ऐतिहासिक चित्रपटाला निदान भाड्याने कपडे आणि प्रॉपर्टी मिळते, कारण त्या काळावर आधी कोणीतरी चित्रपट केलेला असतो. कल्पनारम्य राज्य मात्र कधी कुठे अस्तित्वातच नव्हतं, त्यामुळे त्याचा झेंडासुद्धा कोणीतरी बसून शिवावा लागतो.

म्हणून अशा चित्रपटांत इतकं जंगल असतं. हे नीट लक्षात घ्या, कारण एकदा कळलं की दर वेळी दिसत राहतं. जंगल हा कुठल्याही शतकाचा फुकटचा सेट आहे. ओक आणि बीचची झाडं बाराव्या शतकात जशी होती तशीच आजही आहेत. 'हॉक'मधली मंडळी सतत झाडांतून घोडे दौडवताना दिसतात. राजवाडे फार नाहीत, गाव नावापुरतं, बाजार जवळपास नाही. ज्या राज्यासाठी एवढा रक्तपात चाललाय त्यात राहतं तरी कोण, असा प्रश्न पडावा इतकी सामसूम.

जंगलाच्या जोडीला धूर. धुक्याचं यंत्र हे या प्रकारातलं सगळ्यात कष्टाळू पात्र म्हणायला हरकत नाही. त्याच्यामुळे मागची झाडं पुसट होतात आणि जागा होती त्याहून खोल वाटते. सेटची भिंत कुठे संपते ते दिसत नाही, आणि वीस माणसांचं सैन्य 'मागे आणखी असतील' असं वाटायला लावतं. अडचण एवढीच की धूर बाहेरच्या जागी वाऱ्यावर अवलंबून असतो. एका शॉटमध्ये गुडघाभर धुकं, दुसऱ्यात ऊन, तिसऱ्यात परत धुकं, आणि संवाद मात्र एकाच वाक्याचा. मोठ्या बजेटचं युनिट वारा पडेपर्यंत थांबतं. लहान युनिटला तासाभरात पुढचं लोकेशन गाठायचं असतं.

रात्रीचंही तसंच. खऱ्या रात्री जंगल उजळायचं तर मोठे दिवे, जनरेटर, उंच क्रेन आणि रात्रपाळीचा जादा मेहनताना लागतो. त्यावरची जुनी पळवाट म्हणजे भर दिवसा चित्रीकरण करायचं, भिंगावर निळसर फिल्टर लावायचा, प्रकाश कमी घ्यायचा आणि त्याला रात्र म्हणायचं. नीट केलं तर चालून जातं. ढगाळ दिवस निवडायचा, आकाश फ्रेममध्ये येऊ द्यायचं नाही, पाण्यावरची चमक टाळायची. घाईत केलं की आकाश पांढरं राहतं, जमिनीवर उन्हाच्या कडक सावल्या पडतात, आणि पात्रं मशाल धरून निळ्या दुपारी हिंडतात.

आता माणसांकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

'हॉक'ची कथा थोडक्यात अशी: दुष्ट व्होल्टन, म्हणजे बापाचा खून करणारा तो थोरला भाऊ, एका मठाच्या मुख्य साध्वीला पळवून नेतो आणि तिच्या सुटकेसाठी दोन हजार सोन्याची नाणी मागतो. हॉक तिला सोडवायला साथीदार जमवतो. एक राक्षसदेही हातोडेवाला, एल्फ या युरोपीय लोककथांतल्या जादुई जमातीतला एक धनुर्धारी, एक बुटका आणि एक हात गमावलेला सैनिक. त्यांना गोळा करायला मदत करते एक चेटकीण. या प्रकारातल्या निम्म्या गोष्टी अशाच असतात, साथीदार जमवा आणि निघा. यामागे पुराणकथांचा धागा आहे हे खरंच, पण तो खर्चालाही फार सोयीचा आहे. प्रवासाच्या गोष्टीत प्रत्येक मुक्कामी एक नवा नट भेटतो, दोन-तीन दिवसांचं काम करतो, त्याचा हिशेब चुकता होतो. खलनायक बहुतेक वेळ आपल्या तंबूत किंवा सिंहासनावर बसलेला असतो, म्हणजे महागड्या नटाचे सगळे प्रसंग एकाच सेटवर थोड्या दिवसांत उरकतात. खलनायक आणि नायक शेवटापर्यंत समोरासमोर का येत नाहीत, याचं उत्तर कधीकधी पटकथेत सापडत नाही, तारखांच्या तक्त्यात सापडतं.

राक्षसदेही गॉर्टचं काम बर्नार्ड ब्रेस्लॉने केलंय. 'कॅरी ऑन' या विनोदी चित्रपटमालिकेमुळे ब्रिटिश प्रेक्षकांच्या घरोघरी माहीत असलेला नट, उंची साडेसहा फुटांच्या वर. चांगलाच उंच माणूस. पण राक्षस नव्हे. त्याला राक्षस दाखवायची युक्ती सिनेमाइतकीच जुनी आहे. त्याला कॅमेऱ्याच्या जवळ उभं करायचं, बाकीच्यांना लांब, दोन्हीकडची जमीन जुळवून घ्यायची आणि नटांनी एकमेकांकडे बघतोय असं भासवत भलतीकडे बघायचं. याला पैसा थोडाच लागतो. वेळ मात्र लागतो, कारण प्रत्येक शॉट इंचाइंचाने मोजावा लागतो. सहा आठवड्यांत चित्रपट संपवायचा असेल तर दिग्दर्शक म्हणतो, राहू दे, संवादातच सांगू की हा राक्षस आहे. आणि मग बाकीची पात्रं त्याला राक्षस म्हणत राहतात, आपण पडद्यावर एक उंच, प्रेमळ काका पाहत राहतो.

स्वस्त चित्रपटात पैशाहून वेळ जास्त अपुरा असतो, हे बाहेरच्यांना पटकन कळत नाही. तलवारबाजीचं उदाहरण घ्या. चांगली झटापट ही नृत्यासारखी बसवावी लागते. कोणता वार, कुठे अडवायचा, पाय कुठे, मोजून. दोन नटांना मिनिटभराचं भांडण अंगवळणी पडायला कित्येक दिवसांच्या तालमी लागतात. तालमीच नसतील तर नट एकमेकांना लागू नये म्हणून समोरच्याच्या तलवारीवर तलवार मारतात, माणसावर नाही. हे पाहायला फार सोपं आहे: पुढच्या वेळी अशी लढाई लागली की बघा, पातं माणसाच्या दिशेने येतंय की पात्याच्या. दिग्दर्शक मग ते लपवायला कॅमेरा जवळ नेतो, तुकडे पाडतो, आणि खणखणाट नंतर साउंडमध्ये भरतो. लढाई ऐकू जास्त येते, दिसते कमी.

एडिटिंग टेबलवर केलेल्या काटकसरीचा 'हॉक'मधला नमुना तर दंतकथा झालाय. एल्फ धनुर्धारी क्रो मशीनगनच्या वेगाने बाण सोडतो. कसे? बाण लावला, ओढला, सोडला, याचे तेच ते इवलेसे तुकडे पुन्हा पुन्हा जोडून. हात तोच, कोन तोच, बाण तोच. साध्या नजरेलाही कळतं. तरी मला ही युक्ती मनापासून आवडते. एल्फ हा माणसाहून वेगळा आहे एवढं एका झटक्यात सांगायचं होतं, खिशात कात्री आणि डिंक होता, आणि त्यातून जे निघालं ते तुटक, विचित्र आणि लक्षात राहणारं निघालं. चेटकिणीच्या जादूबद्दल मात्र असं म्हणवत नाही. शत्रूला जखडून टाकणारं तिचं मंत्रजाल म्हणजे वाढदिवसाच्या पार्टीत डब्यातून फवारतात ती फेसाची रंगीत दोरी आहे, आणि कॅमेरा ती अंमळ जास्तच वेळ दाखवतो.

या दोन युक्त्यांमध्ये खर्चाचा फरक जवळपास नाहीच. फरक असा की बाणांच्या युक्तीत चित्रपटाने आपल्याला एक कल्पना दिली आणि उरलेलं आपल्यावर सोपवलं. फेसाच्या दोरीत त्याने एक वस्तू समोर धरली आणि हीच जादू आहे, नीट बघा, म्हणाला. नीट बघितल्यावर ती दोरीच दिसणार.

आपल्या सिंधुदुर्गातला दशावतार ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. देवळासमोर एक लाकडी बाकडं, मागे एक पडदा, एवढ्यावर इंद्राचा दरबार भरतो. तेच बाकडं घटकाभरात जंगल होतं, मग रणांगण. कोणी विचारत नाही की सिंहासन कुठंय. कारण रंगमंचाने सिंहासन दाखवायचं वचन दिलेलंच नसतं. कॅमेरा मात्र नुसता उघडला तरी वचन देऊन बसतो, की जे समोर आहे ते खरं आहे. रंगमंचावरचा पुठ्ठ्याचा मुकुट मुकुटच असतो, क्लोजअपमधला पुठ्ठ्याचा मुकुट पुठ्ठा होतो.

याच विषयाला १९७५ साली एका ब्रिटिश विनोदी टोळक्याने उलटीकडून हात घातला. 'माँटी पायथन अँड द होली ग्रेल'चा खर्च 'हॉक'च्याही निम्म्याहून कमी होता, सुमारे दोन लाख तीस हजार पौंड, आणि त्यातला बराच पैसा पिंक फ्लॉइड, लेड झेपेलिनसारख्या रॉक मंडळींनी घातलेला. स्कॉटलंडमधल्या किल्ल्यांची परवानगी ऐन वेळी हुकली. मग डून नावाचा एकच खाजगी किल्ला वेगवेगळ्या बाजूंनी दाखवून त्याचे अनेक किल्ले केले. सरदारांची साखळ्यांची चिलखतं लोकरीची विणलेली होती, वरून चंदेरी रंग. स्कॉटलंडच्या पावसात ती भिजून जड व्हायची आणि नटांचे हाल व्हायचे. घोडे परवडत नव्हते, म्हणून राजा पायीच दुडक्या चालीने येतो आणि मागचा सेवक नारळाच्या दोन करवंट्या टाळ्यांसारख्या वाजवतो.

घोडा नाही हे त्यांनी लपवलं नाही. पहिल्याच प्रसंगात समोरचा पहारेकरी राजाला विचारतो की या थंड मुलखात नारळ आला कुठून, आणि त्यावर लांबलचक वाद रंगतो. लांबून भव्य राजवाडा दिसतो तेव्हा एक सेवक हळूच म्हणतो की तो नुसता देखावा आहे. प्रेक्षक जे बोट दाखवून म्हणणार, ते चित्रपटाने आधीच म्हणून टाकलं. अर्थात ही सोय विनोदाला मिळते. 'हॉक'ला गंभीर राहायचं होतं आणि तो शेवटपर्यंत गंभीर राहतो, हे त्याचं दुखणं आहे आणि त्याच्या चाहत्यांच्या मते तेच त्याचं आकर्षणही. जॉन टेरी पूर्ण चित्रपटभर एकाच चेहऱ्याने वावरतो. पॅलन्स मात्र प्रत्येक वाक्य दरीच्या पलीकडे ऐकू जावं असं म्हणतो. अतिरेकी अभिनय म्हणून त्याला नावं ठेवली जातात, मला वाटतं त्या सगळ्या जंगलात आपण एका भयंकर राज्यात आहोत यावर विश्वास असलेला तो एकटाच आहे. भर म्हणून हॅरी रॉबर्टसनचं डिस्कोच्या ठेक्यावर चालणारं संगीत. हाच गृहस्थ चित्रपटाचा निर्माता आणि सहलेखकही. एका माणसाने तीन खुर्च्या सांभाळल्या की तीन पगार वाचतात, आणि 'अहो, हे तलवारींखाली डिस्को बरं दिसत नाही' असं सांगणारा दुसरा माणूसही वाचतो.

काटकसर उद्योगाच्या पातळीवर कशी चालते ते पाहायचं तर अटलांटिकच्या पलीकडे जायला हवं. अमेरिकेतला रॉजर कॉर्मन हा स्वस्त चित्रपटांचा मुरलेला निर्माता. 'कोनन' चालल्यावर त्याने अर्जेंटिनाच्या एका कंपनीशी करार करून तिकडेच तलवारपट काढायला घेतले. डॉलर तिथे पुष्कळ पुरत होता आणि तंत्रज्ञ तयार होते. 'डेथस्टॉकर' १९८३ साली आला. त्याचं पोस्टर बोरिस व्हालेहो या नामांकित चित्रकाराने रंगवलेलं, आणि पोस्टरवर जे होतं त्याचा दहावा हिस्साही पडद्यावर नव्हता. ते मुद्दामच. व्हिडिओ कॅसेटचा धंदा तेव्हा नुकता फोफावत होता, आणि दुकानात उभा राहिलेला गिऱ्हाईक आतला चित्रपट पाहून कॅसेट उचलत नाही, वेष्टन पाहून उचलतो. मग पैसा कुठे घालायचा हे उघडच आहे.

पुढची पायरी आणखी मजेची. चित्रपटात खर्चिक लढाई एकदा चित्रित झाली की ती माल म्हणून गोदामात पडते. 'डेथस्टॉकर'मधले तुकडे त्याच्याच दुसऱ्या भागात आले, 'विझर्ड्स ऑफ द लॉस्ट किंग्डम'मध्येही आले. जेम्स हॉर्नरने १९८०च्या एका अंतराळपटासाठी केलेलं संगीत कॉर्मनने तलवारपटांनाही चिकटवलं. त्यामुळे या चित्रपटांत मधेच फिल्मचा पोत बदलतो, सैनिकांचे पोशाख बदलतात, आणि लांबच्या शॉटमधला नायक जवळच्या शॉटमधल्या नायकासारखा दिसत नाही. बघणाऱ्याला वाटतं कंटिन्युइटीवाल्याला डुलकी लागली. प्रत्यक्षात ती दुसऱ्याच चित्रपटाची लढाई असते.

इटलीचं गणित थोडं वेगळं, तिथे वेगावर भर. दिग्दर्शक जो डामाटोने 'कोनन'च्याच वर्षी 'एटॉर' बाजारात आणला. त्याच्या दुसऱ्या भागात हा प्राचीन योद्धा चक्क हँगग्लायडरवर बसून किल्ल्यावर उडत जातो. का, ते पटकथेला विचारायचं नाही.

पण सगळंच पैशावर ढकलून चालणार नाही. कागदावर लिहायला जे लागतं ते गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखंच पडतं, आणि हे चित्रपट तिथेही घसरतात. जादूला मर्यादा नसते, हा सगळ्यात मोठा दोष. चेटकीण माणसांना क्षणात इकडून तिकडे पोचवू शकते, शत्रूला जखडू शकते, तर मग साध्वीला सोडवायला एवढा खटाटोप कशाला? हॉकच्या तलवारीच्या मुठीत मनाच्या इशाऱ्यावर चालणारा मणी बसतो आणि तलवार आपोआप हातात उडत येते. मग ती नसताना तो अडलाय असं दाखवायला लेखकाला दर वेळी काहीतरी निमित्त शोधावं लागतं. मंत्राची किंमत काय, तो कधी चालत नाही, हे पहिल्या अर्ध्या तासात ठरवून टाकलं असतं तर एक पैसाही खर्च न होता प्रत्येक प्रसंगात धाकधूक आली असती. तसंच राज्याचं. मागे भव्य शहर दाखवता येत नसेल तर दोन माणसांनी कराबद्दल, दुष्काळाबद्दल, पळालेल्या पोराबद्दल बोललेली चार वाक्यं पुरतात. त्याऐवजी बहुतेक वेळा सुरुवातीला एक घोगरा आवाज हजार वर्षांचा इतिहास सांगून मोकळा होतो.

आजच्या स्वस्त मध्ययुगीन चित्रपटांत धुक्याचं यंत्र थोडं मागे पडलंय, संगणक पुढे आलाय. ड्रॅगन आता घरच्या संगणकावर बनतो, डोंगरमाथ्यावरचा किल्लाही, आणि ड्रोनमुळे हेलिकॉप्टरचा खर्च गेला. तरी नजर पटकन अडखळते ती जुन्याच जागी. कपडे कोरे करकरीत असतात. नवा शिवलेला अंगरखा वापरलेला वाटावा म्हणून तो घासावा लागतो, उसवावा लागतो, चहाच्या पाण्यात बुडवून मातीत लोळवावा लागतो, आणि पन्नास माणसांचे कपडे असे मळवायला माणसं आणि आठवडे लागतात. म्हणून महिनाभर रानात हिंडलेला योद्धा इस्त्री केलेल्या सदऱ्यात उभा असतो, दात पांढरे शुभ्र, आणि मागचा ड्रॅगन मात्र ठीकठाक. हिरव्या पडद्यासमोर उभ्या नटावर प्रकाश डावीकडून पडतो आणि संगणकातला सूर्य उजवीकडे असतो. ड्रॅगन करणाऱ्याला आणि दिवे लावणाऱ्याला एका खोलीत बसवायला कोणाला सवड झालेली नसते.

'हॉक'च्या शेवटी दुष्टांची एक शक्ती व्होल्टनचा देह परत उठवते, हॉक आणि गॉर्ट घोड्यांवर बसून पुढच्या मोहिमेला निघतात, आणि दुसरा भाग येणार हे स्पष्ट दिसतं. तो आला नाही. ब्रिटिश निर्माता लू ग्रेडच्या ज्या आयटीसी कंपनीने या चित्रपटाला पैसा पुरवला, तिने त्याच वर्षी 'रेझ द टायटॅनिक' नावाच्या समुद्रपटावर कोट्यवधी डॉलर घातले होते आणि ते बुडाले.